पेटीनंतरची पेटी

संगीत शिकवणाऱ्या मंडळींमध्ये संगणकाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, संगणक आणि मोबाइल यांनी गाण्याचा गळा घोटला. मुले रियाज करीत नाहीत, तयार ट्रॅकवर गातात आणि हललेला सूर यंत्राकडून जागेवर आणून घेतात. दुसऱ्या तटाला वाटते की हे नवे युग आहे, त्याला सामोरे गेलेच पाहिजे. तेव्हा क्लासच्या पाटीवर 'म्युझिक प्रॉडक्शन' हे दोन शब्द रंगवून घ्यावेत आणि फी वाढवावी. या दोन्ही तटांमध्ये एक गोष्ट मात्र समान आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय असते, ते काय गृहीत धरून चालते आणि ते विद्यार्थ्याच्या हाती दिले तर त्याच्या कानात काय फरक पडतो, हे पाहण्याची तसदी दोघांनीही फारशी घेतलेली नसते.

मी मिरजेत गाणे शिकवतो. गेली काही वर्षे माझ्या वर्गात तंबोऱ्याच्या शेजारी एक जुना लॅपटॉप असतो. ध्वनिमुद्रण करण्याची, ते कापण्या-जोडण्याची आणि एकावर एक आवाज रचण्याची दोन-तीन सॉफ्टवेअर त्यात आहेत. त्यातले 'ऑडॅसिटी' २००० सालापासून फुकट मिळते. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, गाणे शिकणाऱ्या मुलाला स्वतः काही बांधून पाहण्यासाठी जी वही लागते, ती आपल्याकडे प्रथमच इतक्या स्वस्तात उपलब्ध झाली आहे. परंतु ही वही कोरी नाही. तिच्यावर आधीच रेघा आखलेल्या आहेत आणि त्या आपल्या गाण्याच्या नाहीत. शिक्षकाचे काम या रेघांपाशी सुरू होते.

आधी वहीची गरज का, ते सांगतो. आमच्या बहुतेक क्लासांतून विद्यार्थी 'प्रारंभिक'पासून 'विशारद'पर्यंत सात-आठ वर्षे घालवतो. या काळात तो ढीगभर बंदिशी पाठ करतो, आलाप आणि ताना लिहून घेतो. होय, लिहून घेतो! ज्या गोष्टी गाता गाता सुचायच्या, त्या वहीत उतरवून पाठ करण्याची पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही. 'या रागात दोन ओळी तू स्वतः बांधून आण' असे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते. चित्रकलेच्या शिक्षकाने आठ वर्षे नुसती दुसऱ्यांची चित्रे गिरवून घेतली, तर पालक भांडायला येतील. गाण्यात तीच गोष्ट परंपरा म्हणून खपून जाते. वास्तविक आपल्या परंपरेचा याला आधार नाही. फैयाज खाँ 'प्रेमपिया' या नावाने बंदिशी बांधत, विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया' या नावाने, जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास' या नावाने. आणि कुमार गंधर्वांनी तर स्वतःच्या रचनांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथच सिद्ध केला. ही मंडळी मोठी होती हे खरे. पण पहिली बंदिश बांधली त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणीही मोठे नव्हते.

मुलांना बांधायला न सांगण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला सुचलेली चाल हवेत विरून जाते. भातखंड्यांच्या स्वरलिपीत ती लिहून ठेवण्याइतका त्याचा हात बसलेला नसतो. लिहिली तरी कागदावरची चाल त्याला परक्या कानाने ऐकता येत नाही, आणि तिच्यात काय बिघडले ते त्यामुळे कळत नाही. सॉफ्टवेअरने नेमकी ही अडचण दूर केली. आज बांधलेले उद्या ऐकता येते, दुसरी ओळ तशीच ठेवून पहिली बदलता येते आणि नाहीच पटले तर पूर्वीची चाल परत आणता येते. चूक स्वस्त झाली की मूल धाडस करते. गुरुजींसमोर बसून गाताना चूक स्वस्त नसते, हे गाणे शिकलेल्या कोणालाही मी सांगायला नको.

यंत्राची भीती आपल्याला नवी नाही. पेटी युरोपातून आली. तिचे सूर ठोकून बसवलेले, त्यांच्यातून मींड निघत नाही आणि तिच्या साथीने गाणाऱ्याचा कान बिघडतो, असे आक्षेप घेत १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती बंदी १९७१ साली सैल झाली. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत पेटीवरच गाणे शिकवले जात होते. त्याच्याही आधी गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने या ठोकळ सुरांच्या वाद्यातून काय काढून दाखवायचे ते दाखवले होते, आणि त्याच टेंब्यांनी १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या होत्या. पेटीच्या विरोधकांचे निदान चुकीचे होते असे मला वाटत नाही. पेटीचा गांधार खरोखरच चढा असतो. त्यांचा उपाय तेवढा चुकला. वाद्य दूर ठेवण्याऐवजी ते कुठे खोटे बोलते हे विद्यार्थ्यांना ऐकवले असते, तर कान अधिक तयार झाले असते.

संगणकाच्या बाबतीत ती संधी पुन्हा आली आहे. बहुतेक संगीतनिर्मितीची सॉफ्टवेअर उघडली की एकच चित्र समोर येते. लय मिनिटाला १२० ठोक्यांची, ताल चार-चारांचा, सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, आणि पडद्यावर उभ्या रेघांची एक जाळी. तुम्ही सूर ठेवलात की तो सरकून जवळच्या रेघेला चिकटतो. हे कोणी कारस्थान म्हणून केलेले नाही. ही साधने ज्यांनी बनवली, त्यांच्या संगीतात ही मांडणी सोयीची आहे, एवढेच. पण आपल्या मुलाला कोणी काही सांगितले नाही, तर 'संगीत हे असेच असते' अशी त्याची समजूत होऊन बसते. असे शिकवणे फार पक्के असते, कारण आपल्याला काही शिकवले जात आहे हेच शिकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आता या रेघा पुसायला सांगितल्या की काय होते ते पाहा. तबला शिकणाऱ्या एका मुलाला मी रूपक ताल संगणकावर बसवायला सांगितला. सात मात्रा, तीन-दोन-दोन. सात ठोके ठेवणे सोपे. सॉफ्टवेअर सातांचा ताल घेते. परंतु ते आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर जोर देते, आणि रूपकाची गंमत अशी की त्याची सम खालीवर येते. 'तीं तीं ना, धी ना, धी ना' या ठेक्यात भरीव, घुमारेदार बोल मागाहून येतो. सुरुवात पोकळ असते. यंत्र मात्र दर वेळी समेवर टणत्कार करत होते. मुलाने तो आवाज बारीक केला, चौथ्या आणि सहाव्या मात्रेचा वाढवला, आणि मग स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे सम ही जोराची जागा नसते, परत येण्याची जागा असते." समेची व्याख्या त्याने 'प्रवेशिके'ला पाठ केली होती आणि तिला पूर्ण गुणही मिळवले होते. तिचा अर्थ त्याला त्या दिवशी यंत्राशी भांडताना लागला.

विलंबित लयीचे प्रकरण याहून मजेशीर आहे. विलंबित एकतालाची एक मात्रा चार सेकंद चालली तर बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे होते. म्हणजे लय मिनिटाला १५ मात्रांची. 'एबलटन लाइव्ह' या नामांकित सॉफ्टवेअरमध्ये २० च्या खाली उतरताच येत नाही. एवढ्या संथ लयीत कोणी गात असेल, असे ते बनवणाऱ्यांच्या मनात आले नसावे. मुले अडून बसली. शेवटी एकीने तोड काढली : एका मात्रेचे चार भाग करायचे आणि लय ६० ची धरायची. मी तिला विचारले, तबलजी याहून वेगळे काय करतो? एकतालाच्या ठेक्यात 'तिरकिट' हा बोल एका मात्रेत चार अक्षरे मोजून दाखवतोच की. लांबलचक मात्रा पोटातल्या मात्रांवर उभी असते, हे मी तोंडाने वर्षानुवर्षे सांगत आलो. ते आकड्यांत उतरवावे लागले तेव्हा पटले. त्यानंतर त्या मुलीचे समेवर येणे सुधारले. याचे सगळे श्रेय मी संगणकाला देणार नाही, पण थोडे दिले पाहिजे.

गांधाराचा प्रयोग मी दर वर्षी करतो. चांगला जुळलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो. संगणकावरच्या सुरावटीतला शुद्ध गांधार त्याच्याबरोबर लावला की एक थरथर सुरू होते. अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले, तर षड्जापासून संगणकाचा गांधार ४०० भागांवर आणि तंबोऱ्याचा ३८६ वर असतो. चौदा भागांचा हा फरक. सॉफ्टवेअरमध्ये सूर एकेका भागाने उतरवता येतो. मुले डोळे मिटून एक एक भाग खाली येतात आणि थरथर थांबली की हात वर करतात. बहुतेकांचे हात तेरा ते पंधराच्या दरम्यान वर होतात. आकडा मी नंतर सांगतो. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी श्रुतींची मोजमापे करून १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांची त्यांना साथ होती, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुतींची पेटीही करवून घेतली. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे. ज्या प्रश्नासाठी देवलांना एवढा खटाटोप करावा लागला, तो आज सातवीतली मुलगी पाव तासात स्वतःच्या कानाने सोडवते. मात्र हा आकडा एकदा गवसला की त्याची पूजा सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून लगेच पुढच्या तासाला मी त्यांना दरबारीचा गांधार ऐकवतो, जो एका जागी उभाच राहत नाही.

सूर दुरुस्त करणाऱ्या सोयीचा उपयोगही मी तिथेच करतो. 'ऑटोट्यून' १९९७ साली बाजारात आले. त्याचा जनक अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या लहरींचे विश्लेषण करीत असे. त्याच गणिताचा हा पुढचा अवतार. मूळ आखणीप्रमाणे गायकाचा सूर बारांपैकी जवळच्या घरात ओढायचा, हे त्याचे काम. दरबारीतला आंदोलित कोमल गांधार त्याच्यापुढे ठेवला आणि दुरुस्ती कडक केली की ते त्याला बेसूर ठरवते आणि इस्त्री करून परत देते. आधीचे आणि नंतरचे एकापाठोपाठ ऐकवले की मुले हसतात. मग विचारायचे, "गेले काय, ते सांगा." हे सांगताना त्यांना जे शब्द शोधावे लागतात, ते कोणत्याही पुस्तकातल्या आंदोलनाच्या व्याख्येपेक्षा चांगले असतात. एकजण म्हणाला, "सर, सूर तोच राहिला, पण त्याच्यातला माणूस गेला." मी वहीत लिहून घेतले.

परंतु इथपर्यंतचे सगळे ऐकण्याचे शिक्षण झाले. निर्मितीचे काय? अमेरिकेत एमआयटी या संस्थेत जीन बॅम्बर्गर या विदुषींनी १९७० च्या दशकापासून संगणक आणि संगीतशिक्षण यांवर काम केले. सीमोर पॅपर्ट यांच्या 'लोगो' या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या परिवारातलेच हे काम. त्यांच्या 'इम्प्रॉम्प्टू' या सॉफ्टवेअरची युक्ती साधी होती. मुलांना सुटे सूर न देता चालीचे अर्थपूर्ण तुकडे द्यायचे आणि ते जुळवून चाल उभी करायला सांगायची. माणूस गाणे ऐकतो ते तुकड्यांनी, एकेका सुराने ऐकत नाही, ही त्यामागची जाण. आपल्याला यात नवे काय वाटावे? राग म्हणजे स्वरवाक्ये, हे आपण कधीपासून म्हणत आलो आहोत. आपण फक्त त्याचा खेळ केला नव्हता.

मी तो करून पाहिला. भूप आणि देसकार या दोन रागांचे सूर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. भूपाचा वादी गांधार, देसकाराचा धैवत; भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. मी भूपाचे तीन मिनिटांचे आलाप गाऊन मुद्रित केले आणि मुलांना सांगितले, नवे काही न गाता हेच कापून-जोडून याचा देसकार करा. सूर तर तेच आहेत! मुले उत्साहाने कामाला लागली. एकाने कोणत्या सुरावर किती सेकंद थांबलो आहे ते मोजले, गांधाराचे तुकडे उडवले आणि धैवताचे दुप्पट केले. हिशेब बिनचूक जमला आणि राग काही उभा राहिला नाही. "सर, वादी तर बरोबर आहे, मग हा देसकार का वाटत नाही?" असा त्याचा प्रश्न. दुसरी एक मुलगी माझे धैवत एकेक करून पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. अर्ध्या तासाने तिने सांगितले की, भूपातला माझा प्रत्येक धैवत कुठेतरी निघालेला आहे. पंचमाकडे उतरतो आहे, गांधाराकडे झुकतो आहे किंवा षड्जाकडे चढतो आहे. थांबलेला धैवत सबंध मुद्रणात एकही नाही. तिने त्यातला एक यंत्राने ताणून लांब केला. तो काठीसारखा ताठ आणि निर्जीव झाला. तेव्हा तिने हेडफोन काढले आणि तंबोरा घेऊन स्वतः धैवत लावला.

सॉफ्टवेअर हरले तिथून ती गायला लागली. त्या आठवड्यात तिने देसकारात दोन ओळी बांधल्या. शब्द सामान्य आहेत, दुसऱ्या ओळीत ऋषभावर नको इतकी रेंगाळते, त्यामुळे भूपाची सावली पडते. पण मुखडा धैवतावरून उचललेला आहे आणि तो तिचा आहे. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, काल बरी वाटली होती, आज ऐकली तर मधेच भूप येतोय." मी काही सांगण्याच्या आधी तिला ते ऐकू आले होते. स्वतःच्या कामावर असा आपसूक कान टाकता येणे, यापलीकडे सर्जनशीलतेची माझी काही मोठी व्याख्या नाही.

आता उलट बाजू. सॉफ्टवेअरबरोबर शेकडो तयार तुकडे येतात, त्यांना 'लूप' म्हणतात. ढोल हवा, ढोल आहे. बासरी हवी, बासरी आहे. सगळे एकमेकांशी जुळणारे. एका पालकांनी कौतुकाने मुलाचे 'गाणे' मला ऐकवले. दहा मिनिटांत केलेले आणि ऐकायला झकास. यातले तुझे काय, असे मुलाला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "आवाज कमी-जास्त मी केला." यात मुलाचा दोष नाही, पण याला सर्जनशीलता म्हणणाऱ्या जाहिरातींचा नक्कीच आहे. २०२३-२४ पासून तर एका ओळीच्या वर्णनावरून अख्खे गाणे, गळ्यासकट, तयार करून देणारी 'सूनो' आणि 'युडिओ' यांसारखी साधने आली. त्यांचा व्यवसायाला उपयोग असेल. विद्यार्थ्याला नाही. कारण शिकणे ज्या ठिकाणी घडते ती निवड—हा धैवत की तो, इथे थांबू की पुढे जाऊ—तीच त्यांनी काढून घेतलेली असते.

म्हणून आमच्याकडे पहिले सहा महिने लूपला बंदी आहे. प्रत्येक आवाज स्वतः मुद्रित करून आणायचा. कुकरच्या शिट्ट्या सगळेच आणतात. जंक्शनवरच्या घोषणा येतात. एका मुलाच्या घरी तंबोऱ्यांचे काम चालते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या व्यवसायातले हे घर. त्याने वडील जवारी काढत असतानाचा आवाज आणला. कानशीचे दोन-तीन हात, मग तार छेडून पाहणे, पुन्हा कानस; तार आधी बद्द बोलते आणि हळूहळू झणकारत जाते. त्याने कानशीच्या घासण्याचा ठेका केला आणि त्यावर त्या एकाच तारेचे वेगवेगळ्या वेळचे आवाज मांडले. अडीच मिनिटांत जवारी उघडत जाते. हे गाणे आहे का, यावर आमच्या वर्गात बरीच वादावादी झाली. मला स्वतःला त्याचा शेवट घाईचा वाटला. पण त्या घरात पिढ्यान्पिढ्या निघणारा हा आवाज तोवर कोणी रचना म्हणून ऐकला नव्हता.

असे प्रयोग आपल्या देशात झालेच नाहीत असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. गीता साराभाईंच्या पुढाकारातून अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे बसवला आणि तीन-चार वर्षे तिथल्या काही मंडळींनी त्यावर रचना केल्या. मग ते काम थांबले, फिती कपाटात गेल्या आणि त्यांतले संगीत २०२३ साली लोकांसमोर आले. मुंबईत चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकाने १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यातले 'टीबी-३०३' हे यंत्र खरे तर बास गिटार वाजवणाऱ्याच्या बदली म्हणून बनवले होते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची त्याची सोय सिंगांनी मींडेसाठी वापरली. रेकॉर्ड चालली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र वापरून नृत्यसंगीताचा नवा प्रकार काढला, आणि २०१० साली सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले. रागसंगीत म्हणून मला ती रेकॉर्ड पातळ वाटते. पण यंत्राने जे देऊ केले नव्हते ते त्यातून मागून घेण्याची वृत्ती तिच्यात आहे. अहमदाबाद काय किंवा मुंबई काय, दोन्हीकडचा अनुभव आपल्या संगीतशिक्षणापर्यंत पोहोचला नाही, आणि त्याचे कुणाला वाईटही वाटले नाही.

रियाज कमी होईल, या आक्षेपाला मी हलका मानत नाही. पडद्यासमोर वेळ भुर्रकन उडतो, आणि चांगली दिसणारी लहर म्हणजे चांगला सूर असे मुलांना वाटू लागते. म्हणून ऐकताना पडद्यावर पाठकोरा कागद लावायचा, असा आमच्याकडे नियम आहे. खर्चाचा प्रश्नही आहे. सगळ्यांच्या घरी संगणक नाही, म्हणूनच तो वर्गात हवा. परंतु खरी अडचण या दोन्हींत नाही. ती शिक्षकांच्या मनात आहे. तंबोरा लावताना मी विद्यार्थ्याच्या कितीतरी पुढे असतो. लॅपटॉप उघडला की तेरा वर्षांचे पोर माझ्या पुढे असते. गुरू-शिष्य नात्याची आपली घडण अशी की हे पचवणे जड जाते. माझ्या ओळखीच्या कितीतरी उत्तम शिक्षकांचा संगणकाला असलेला विरोध मुळात एवढाच आहे, असे माझे निरीक्षण आहे. वास्तविक कुठले बटण दाबायचे ते मुलांनी सांगावे आणि निघालेला धैवत खरा की खोटा ते आपण सांगावे, ही वाटणी दोघांनाही सोयीची आहे.

परीक्षा मंडळांनी यात लक्ष घातले तर पुष्कळ होईल, कारण आपल्याकडे जे परीक्षेत असते तेच शिकवले जाते. 'मध्यमा'पासून पुढे विद्यार्थ्याने स्वतः केलेली तीन मिनिटांची एक रचना मागावी. ती बंदिश असो, गत असो वा कानशीचा ठेका असो. परीक्षकाने ती ऐकावी आणि दहा मिनिटे विचारपूस करावी : इथे का थांबलास, हे आधी कसे होते, काय टाकून दिलेस. दुसऱ्याकडून करून आणलेले काम या प्रश्नांपुढे टिकत नाही. गुण कसे द्यायचे, असा प्रश्न मला एका परीक्षकांनी केला. आलाप पाठ करून गाणाऱ्याला आपण आज ज्या आधारावर उपजेचे गुण देतो, त्याहून हा आधार कच्चा नसेल, एवढे मी त्यांना सांगितले.

तोवर ज्याने त्याने आपल्या वर्गात सुरुवात करावी. एक जुना संगणक, दोन बरे हेडफोन, एक साधा माइक आणि आठवड्यातला एक तास एवढे पुरते. तास कुठून काढायचा, हे सगळेच विचारतात. मी तो शास्त्राच्या तासातून काढला आहे. दहा थाटांची नावे मुले घरीच पाठ करतात.